आजार आधीचा की नंतरचा, हे ठरवायचं कुणी?

सांगली किंवा अहिल्यानगरच्या दुधाच्या पट्ट्यात गायीचा विमा उतरवायचा असेल, तर पहिलं काम पशुवैद्यकाचं असतं. तो गोठ्यात येतो, गाय तपासतो, दातांवरून वय ठरवतो, कास बघतो, कितवं वेत ते विचारतो, बाजारभावाने किंमत लिहितो आणि जनावर निरोगी असल्याचा दाखला देतो. मग कानात बिल्ला मारला जातो, मालकासह गायीचा फोटो निघतो आणि त्यानंतर विम्याचा कागद तयार होतो. बिल्ला नसेल तर दावा नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यात त्रुटीही आहेत. शिवाय या विम्यात मुख्यतः जनावराच्या मृत्यूची किंवा कायमच्या अपंगत्वाची भरपाई मिळते, उपचारांचा खर्च नाही. तरीही एक प्रश्न तिथे सुरुवातीलाच बराचसा निकालात निघतो: पॉलिसी घेताना जनावर आजारी होतं का?

शहरातल्या कुत्र्याचा विमा बहुतेक वेळा उलट्या बाजूने सुरू होतो. मोबाइलवर अर्ज भरायचा, चार बाजूंनी काढलेले फोटो आणि लसीकरणाच्या पुस्तकाची पानं चढवायची, ‘प्राणी निरोगी आहे’ या वाक्यापुढे खूण करायची आणि पैसे भरायचे. काही पॉलिसींना पशुवैद्यकाचा दाखला लागतो, पण तोही अनेकदा एका ओळीचा असतो. कुत्र्याची खरी तपासणी होते ती दावा दाखल झाल्यावर. तेव्हा कंपनी जुने केसपेपर मागवते, रक्ताचे अहवाल मागवते आणि त्यांत दोन-तीन वर्षांपूर्वीची एखादी नोंद सापडली की उत्तर येतं: आजार आधीपासूनचा आहे, दावा मंजूर करता येत नाही.

या उत्तरामागचं कलम चुकीचं नाही. चूक आहे ती वेळेची आणि व्याख्येची. ही दुरुस्ती भारतात आत्ताच व्हायला हवी, कारण पाळीव प्राण्यांचा विमा इथे अजून लहान आहे आणि त्याचे नियम घडवायला अवकाश आहे.

आधी कलमाची बाजू. विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याच्यावर अनपेक्षित खर्च कोसळेल त्याला त्यातून द्यायचे. कुत्र्याला मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं कळल्यावर मालक पॉलिसी घेऊ लागले, तर खर्च अनपेक्षित राहत नाही, तो ठरलेलाच असतो. मग हप्ता वाढतो, निरोगी कुत्र्यांचे मालक बाहेर पडतात, उरलेल्यांचा हप्ता आणखी वाढतो आणि काही वर्षांत योजना बंद पडते. म्हणून जगभरातल्या प्राणी विम्यात आधीपासूनचा आजार सहसा वगळलेला असतो. ही तरतूद प्रामाणिकपणे वेळेत विमा घेणाऱ्यांनाच वाचवते.

स्वीडनकडे बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. तिथल्या ‘आग्रिया’ या कंपनीचा इतिहास 1890 पर्यंत मागे जातो. सुरुवात घोडे आणि गुरांपासून झाली, 1924 मध्ये तिथे कुत्र्याची पहिली पॉलिसी निघाली आणि आज त्या देशातल्या दहापैकी सुमारे नऊ कुत्र्यांचा विमा असतो असं सांगितलं जातं. पिल्लू विकणारा पैदासकारच अनेकदा त्याचा विमा काढून देतो आणि जन्मतः दडलेल्या दोषांसाठीही संरक्षण घेतो. पिल्लू नव्या घरी जातं, तेव्हा पॉलिसी पुढे चालू राहते. आयुष्याच्या पहिल्या आठवड्यांपासून विमा असेल, तर ‘आधी’ म्हणण्याजोगा काळच फार थोडा उरतो. आधीपासूनच्या आजाराचा वाद मुख्यतः उशिरा आणि थोड्या लोकांनी घेतलेल्या विम्यात पेटतो. भारतातला विमा नेमका तसा आहे.

आपल्याकडे सार्वजनिक क्षेत्रातल्या विमा कंपन्यांकडे कुत्र्यांसाठी पॉलिसी पूर्वीपासून होत्या, पण त्यांचा भर प्राण्याच्या किमतीवर आणि मृत्यूवर होता. कुत्रा ही मालमत्ता, ती गेली तर तिची किंमत द्यायची, असा तो हिशेब. उपचारांचा खर्च देणाऱ्या पॉलिसींची चर्चा मोठ्या प्रमाणावर सुरू झाली 2020 पासून. पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झने त्या वर्षी कुत्र्यांसाठी पॉलिसी आणली. वर्षाला 315 रुपये अधिक कर इथपासून हप्ता सुरू होत होता आणि जातिवंत, संकरित, देशी अशा सगळ्या कुत्र्यांना ती खुली होती. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाचा खर्च हा तिचा गाभा होता. मृत्यू, गंभीर आजार, बाह्यरुग्ण उपचार, कुत्रा हरवणं किंवा चोरीला जाणं, कुत्रा तिसऱ्या माणसाला चावला तर येणारी जबाबदारी, हे सगळं जोडीला घेता येत होतं. पाठोपाठ इतर खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या.

याच काळात उपचारही बदलले. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आणि 1886 मध्ये सुरू झालेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय ही मुंबईकरांची जुनी ठिकाणं. 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं. सीटी स्कॅन, एमआरआय, अतिदक्षता कक्ष हे शब्द कुत्र्या-मांजरांच्या संदर्भात उच्चारताना आता कुणी थबकत नाही. उपचार शक्य झाले म्हणजे खर्चही आला, आणि खर्च आला म्हणून विमा घ्यावासा वाटू लागला. पण तसं वाटतं ते बहुतेक वेळा पहिलं मोठं बिल हातात पडल्यानंतर. म्हणजे कुत्रं चार-पाच वर्षांचं झालेलं असतं, त्याच्या नावावर एक फाइल जमलेली असते, आणि त्या फाइलमध्ये गोचीड तापाची नोंद असण्याची शक्यता बरीच मोठी असते.

गोचीड तापाचं उदाहरण सविस्तर बघायला हवं, कारण महाराष्ट्रात कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांचा त्याच्याशी कधी ना कधी संबंध येतो आणि आधीपासूनच्या आजाराचा सगळा गुंता त्यात सापडतो. ‘टिक फीव्हर’ या नावाखाली खरं तर अनेक आजार येतात. त्यांतला मोठा वाटा एर्लिकिया कॅनिस या जिवाणूचा आणि बबेसिया या रक्तातल्या परजीवीचा. एर्लिकिया पसरवते ती तपकिरी गोचीड, जी आपल्या हवामानात वर्षभर टिकते, भिंतींच्या फटींत आणि इमारतींच्या वाहनतळातही राहते. ती चावल्यानंतर साधारण 8 ते 20 दिवसांनी लक्षणं दिसू लागतात: ताप, खाणं सोडणं, मलूल पडणं, प्लेटलेट घसरणं. डॉक्टर बहुधा चार आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात आणि बहुसंख्य कुत्री बरी होतात.

पण या आजाराचा दुसरा टप्पा शांत असतो. जिवाणू शरीरात, मुख्यतः प्लीहेत, दडून राहू शकतो. कुत्रा खातो, खेळतो, वजन धरतो आणि हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. काही कुत्री पुढे स्वतःच त्यातून मुक्त होतात. काहींमध्ये मात्र तिसरा टप्पा येतो, ज्यात अस्थिमज्जेवर परिणाम होतो, रक्तस्राव होतो आणि उपचार अवघड होऊन बसतात. शिवाय एकदा हा आजार झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. बरा झालेला कुत्रा नव्या गोचिडीमुळे नव्याने आजारी पडू शकतो. रक्तातली प्रतिपिंडं दाखवणारी चाचणी तर उपचार यशस्वी झाल्यावरही महिनोन्‌महिने होकारात्मक येत राहू शकते.

आता समजा, पुण्यातल्या एका लॅब्रॅडॉरला दुसऱ्या वर्षी गोचीड ताप झाला, तो बरा झाला. चौथ्या वर्षी मालकांनी पॉलिसी घेतली. पाचव्या वर्षी त्याच्या नाकातून रक्त आलं, प्लेटलेट कमालीच्या खाली गेल्या, चार दिवस दाखल करावं लागलं, रक्त द्यावं लागलं. हा जुना आजार उफाळला की नवी गोचीड चावली? प्रामाणिक पशुवैद्यक सांगेल की बहुतेक वेळा हे खात्रीने सांगता येत नाही. जे डॉक्टरला सांगता येत नाही ते दाव्यांच्या विभागात टेबलापाशी बसून कागद बघणाऱ्याला कसं सांगता येणार? पण निर्णय तर द्यावाच लागतो. आणि नियम गप्प असेल, तर संशयाचा फायदा ज्याच्या हातात पैसे आहेत त्यालाच मिळतो.

प्रतीक्षा कालावधीचंही तसंच. पॉलिसी सुरू झाल्यापासून ठरावीक दिवसांत उद्भवलेला आजार धरला जात नाही. हा काळ पॉलिसीनुसार साधारण 15 ते 30 दिवसांचा असतो. गोचीड चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचे 8 ते 20 दिवस लक्षात घेतले, तर इतका काळ समजण्यासारखा आहे. पण लक्षणं प्रतीक्षा कालावधीच्या शेवटच्या दिवशी दिसली आणि तो आजार त्या कुत्र्याच्या नावावर कायमचा ‘आधीपासूनचा’ म्हणून चिकटला, तर पुढच्या आठ वर्षांत चावणाऱ्या प्रत्येक गोचिडीचा खर्च मालकावर येतो. याला न्याय्य म्हणणं कठीण आहे.

गुडघ्याच्या अस्थिबंधाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. एका मागच्या पायाचा अस्थिबंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचा दुसऱ्या पायाचाही पुढे तुटतो. म्हणून अमेरिकेतल्या अनेक पॉलिसींमध्ये एका बाजूला आधी त्रास झालेला असेल, तर दुसरी बाजूही वगळतात. वैद्यकीय आकडा त्यांच्या बाजूने आहे, पण पॉलिसी घेणाऱ्याला हे आधी ठळकपणे सांगितलं गेलं होतं का, हा प्रश्न उरतोच. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉरमधला खुब्याचा दोष, पगचा आखूड श्वासमार्ग, वारंवार उलटणारी त्वचेची ॲलर्जी, यांतले अनेक आजार आनुवंशिक म्हणून आणखी एका वेगळ्या कलमाखाली वगळले जातात. म्हणजे ज्या जातीचा कुत्रा ज्या आजारासाठी ओळखला जातो, तोच आजार विम्याबाहेर राहू शकतो. पगच्या मालकाने पॉलिसी घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

सगळा भार पडतो तो व्याख्येवर. आधीपासूनचा आजार म्हणजे डॉक्टरने निदान केलेला आजार? की उपचार झालेला? की लक्षणं दिसलेला? की कुणाच्याही लक्षात न येता शरीरात असलेला? पहिल्या व्याख्येत मालक सुरक्षित असतो, शेवटच्या व्याख्येत जवळजवळ कोणताही दावा नाकारता येतो. कर्करोगाची गाठ दिसण्याआधी काही महिने शरीरात असतेच. मूत्रपिंडाचं बरंचसं काम थांबेपर्यंत साध्या रक्ततपासणीत फारसं काही दिसत नाही. ‘माहीत असो वा नसो, पॉलिसीपूर्वी अस्तित्वात असलेली कोणतीही स्थिती’ अशा शब्दांत कलम लिहिलेलं असेल, तर ते मालकाला अशा गोष्टीबद्दल जबाबदार धरतं, जी त्यालाच काय, त्याच्या डॉक्टरलाही माहीत असणं शक्य नव्हतं.

अमेरिकेत या प्रश्नाला राज्यांनी कायद्याने हात घातला. कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये प्राणी विम्यासाठी स्वतंत्र कायदा केला; काय वगळलं आहे, प्रतीक्षा कालावधी किती, भरपाईचं गणित कसं, हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगणं त्याने बंधनकारक केलं. पुढे 2022 मध्ये राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने एक आदर्श कायदा मंजूर केला आणि अनेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने स्वीकारला. त्यातल्या काही तरतुदी आपल्याकडे जशाच्या तशा आणण्याजोग्या आहेत. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी लागू होण्यापूर्वी किंवा प्रतीक्षा कालावधीत ज्याबद्दल पशुवैद्यकाने सल्ला दिला, ज्यावर उपचार झाले, किंवा ज्याची थेट संबंधित लक्षणं पडताळता येण्याजोग्या माहितीवरून सिद्ध होतात, तो. हे कलम लागू पडतं हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची. एका वर्षी पॉलिसीत धरलेला आजार नूतनीकरणाच्या वेळी ‘आधीपासूनचा’ ठरवता येत नाही. अपघातासाठी प्रतीक्षा कालावधी लावता येत नाही आणि आजारासाठी तो 30 दिवसांपेक्षा जास्त नसतो.

यातली नूतनीकरणाची तरतूद सगळ्यात मोलाची आहे. प्राण्यांची पॉलिसी सहसा वर्षाची असते. मधुमेह झाला पॉलिसीच्या आठव्या महिन्यात. चार महिने इन्सुलिनचा खर्च मिळाला. नवं वर्ष सुरू झाल्यावर तोच मधुमेह नव्या पॉलिसीच्या ‘आधीचा’ ठरला, तर दीर्घ आजारांसाठी विमा घेण्यात अर्थ उरत नाही. ब्रिटनमध्ये, जिथे कुत्र्यांच्या विम्याला 1947 पासूनचा इतिहास आहे, ग्राहकांना म्हणूनच दोन प्रकार वेगळे ओळखायला शिकवतात. एक आयुष्यभर दरवर्षी रक्कम पुन्हा भरून देणारी पॉलिसी, आणि दुसरी एका आजारासाठी बारा महिन्यांनंतर हात काढून घेणारी. दुसरी स्वस्त असते. ती स्वस्त का आहे हे मालकाला कळतं ते तेराव्या महिन्यात.

आपल्याकडे माणसांच्या आरोग्य विम्यात याच कलमावर वर्षानुवर्षं झगडून बऱ्याच गोष्टी मिळवल्या गेल्या आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसीपूर्वीच्या 36 महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा त्या काळात ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार सांगितला गेला अथवा घेतला गेला असा आजार. तो आजारही कायमचा बाहेर ठेवता येत नाही. जास्तीत जास्त 36 महिने सलग पॉलिसी चालू राहिली की तो धरावाच लागतो. पूर्वी ही मुदत 48 महिने होती. आणि 60 महिने सलग हप्ते भरल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून.

कुत्र्याच्या पॉलिसीला यातलं काही लागू नाही. तिथे प्रत्येक कंपनीची व्याख्या वेगळी असू शकते आणि ‘आधीपासूनचा’ हा शिक्का किती काळ राहील याला वरची मर्यादा नाही.

कुत्र्यासाठी 36 महिने फार झाले, त्याचं सगळं आयुष्यच दहा ते तेरा वर्षांचं. अमेरिकेतल्या काही कंपन्यांनी स्वतःहून वेगळी वाट काढली आहे. बऱ्या होणाऱ्या आजारांत, म्हणजे कानाचा संसर्ग, जुलाब, मूत्रमार्गाचा संसर्ग अशांत, ठरावीक काळ लक्षणं आणि उपचार दोन्ही नसतील तर तो आजार पुन्हा धरला जातो. कुणी 180 दिवस मानतं, कुणी 12 महिने. गुडघ्याचे आजार मात्र बहुधा यातून वगळलेले असतात. भारतात नियामकाने 12 महिन्यांचा नियम केला तर तो कंपन्यांनाही झेपेल आणि गोचीड तापाच्या बहुतांश भांडणांचा निकाल लागेल. वर्षभर रक्ताचे अहवाल चांगले असलेल्या कुत्र्याला पुन्हा ताप आला, तर तो नवा समजायचा. जुनाच असल्याचा पुरावा कंपनीकडे असेल, तर तिने तो मांडायचा.

कंपन्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. एकसारख्या दिसणाऱ्या दोन सोनेरी रिट्रिव्हरांपैकी आजारी कुठला आणि विमा कुणाचा, हे फोटोवरून ओळखणं अवघड असतं. कातडीखाली बसवायची सूक्ष्म चिप हा त्यावरचा चांगला उपाय आहे आणि काही कंपन्या तिच्यासाठी हप्त्यात सवलतही देतात, पण बहुसंख्य कुत्र्यांना ती नसते. जुने कागद न दाखवणारे, एका डॉक्टरकडचं निदान लपवून दुसऱ्याकडून दाखला आणणारे मालकही असतात. त्यांच्यामुळे वाढलेला हप्ता बाकीचे भरतात. पण या अडचणींवरचा उपाय गोठ्यात उभा राहून दाखला लिहिणाऱ्या पशुवैद्यकाच्या पद्धतीतच आहे: तपासणी आधी करा. पॉलिसी देण्यापूर्वी प्रत्यक्ष तपासणी, वय पाचच्या पुढे असेल तर रक्ताची एक मूलभूत तपासणी, आणि त्यात जे सापडेल त्याची यादी पॉलिसीवरच लिहून द्यायची. ‘डाव्या खुब्यात दोष आहे, तो वगळला.’ ‘कानाचा संसर्ग चालू आहे, तो 12 महिने वगळला.’ यादीत जे नाही, ते नंतर जुने कागद उकरून बाहेर काढायचं नाही, मालकाने लबाडी केली असेल तेवढं सोडून. तपासणीचे काही हजार रुपये मालकाने भरले तरी चालतील. दावा नाकारला गेल्यावर होणाऱ्या मनस्तापापेक्षा ते कमीच पडतात.

कायद्याची दिशाही हीच आहे. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया ॲश्युरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये दिलेला निकाल माणसाच्या परदेश प्रवासातल्या आरोग्य विम्याबद्दल होता. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर हृदयविकाराचा झटका आलेल्या प्रवाशाचा दावा कंपनीने आधीच्या आजारांकडे बोट दाखवून नाकारला होता. त्या प्रवाशाने मधुमेह असल्याचं अर्जात सांगितलं होतं आणि पॉलिसीपूर्वी त्याची वैद्यकीय तपासणीही झाली होती. विमेदाराची वैद्यकीय स्थिती जोखून पॉलिसी दिल्यावर, त्याने उघड केलेल्या स्थितीचाच आधार घेऊन कंपनीला मागे फिरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कुत्र्याच्या पॉलिसीवर भांडताना हा निकाल थेट तसाच लागू होईल असं नाही, पण त्यामागचं तत्त्व तिथेही मांडता येतं. त्यासाठी आधी मालकाने अर्जात सगळं सांगितलेलं असायला हवं.

इथे पशुवैद्यकांची एक जबाबदारी येते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. लहान दवाखान्यांत केसपेपर अजूनही हाताने आणि घाईत लिहिले जातात. मालक सहज म्हणतो, ‘डॉक्टर, हा लहानपणापासून जरा लंगडतोच.’ प्रत्यक्षात पिल्लू असताना पायात काटा गेला होता आणि पाय आठवड्यात बरा झाला होता. कागदावर उमटतं ते ‘लहानपणापासून लंगडतो’, आणि पाच वर्षांनी शस्त्रक्रियेचा दावा त्या दोन शब्दांवर अडतो. ‘जुनाट’, ‘पुन्हा’, ‘नेहमीचा’ हे शब्द लिहिताना कोणत्या पायाबद्दल, कोणत्या कानाबद्दल, किती दिवसांपासून, हे लिहिलं तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत. आजार बरा झाल्यावर ‘बरा झाला’ अशी नोंद करायलाही विसरू नये. ती नोंद नसेल, तर जुना आजार कागदावर कायम चालूच राहतो. मालकांनी ती मागून घ्यावी, प्लेटलेट पुन्हा वर आल्याचा अहवाल जपून ठेवावा आणि डॉक्टर बदलला तरी फाइल बदलू नये.

पॉलिसी घेताना मालकाने कंपनीला ईमेलवर तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर लेखी घ्यावं. माझ्या कुत्र्याच्या जुन्या नोंदी सोबत जोडल्या आहेत, यांतलं काय वगळणार? वगळलेलं कधी धरलं जाईल? या वर्षी झालेला आजार पुढच्या वर्षी चालू राहील का? विकणारा एजंट फोनवर जे सांगतो त्याचा दाव्याच्या वेळी उपयोग होत नाही. आणि हप्ता थोडा कमी मिळतो म्हणून सात वर्षांच्या कुत्र्याची कंपनी बदलण्याआधी दहा वेळा विचार करावा, कारण जुन्या कंपनीकडे जे आजार धरलेले होते ते नव्या कंपनीसाठी सगळे आधीचेच असतात. माणसांच्या आरोग्य विम्यात कंपनी बदलताना प्रतीक्षेची आधीची वर्षं सोबत नेता येतात, तशी सोय इथे नाही.

दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. तक्रारीत आपल्या पशुवैद्यकाचं पत्र जोडावं, आणि ते भावनांवर न लिहिता वैद्यकीय कारणांवर लिहिलेलं असावं: हा आजार नव्याने का उद्भवला असावा, जुना आजार केव्हा आणि कोणत्या चाचणीनुसार बरा झाला होता.

रस्त्यावरून घरात आणलेल्या देशी कुत्र्यांचा प्रश्न या सगळ्यात आणखी वेगळा आहे, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत अशी कुत्री दत्तक घेणारी घरं वाढत आहेत. त्यांच्या मागच्या आयुष्याचा एकही कागद नसतो. पायाचं हाड कधी मोडून जुळलेलं असतं, रक्तात एर्लिकियाच्या खुणा असतात, वय डॉक्टरने दात बघून अंदाजाने लिहिलेलं असतं. माहीत असो वा नसो, आधीचं सगळं वगळणारं कलम या कुत्र्यांच्या बाबतीत पॉलिसीच पोकळ करून टाकतं. दत्तक देणाऱ्या अनेक संस्था नसबंदी आणि लसीकरण करूनच कुत्रं देतात. त्याच वेळी रक्ताची तपासणी, सांध्यांची तपासणी आणि चिप एवढं करून त्याचा एक अहवाल नव्या घरी दिला, तर त्या कुत्र्याची नोंद तिथून सुरू होईल. विमा कंपन्यांनी तो अहवाल आरंभबिंदू म्हणून मान्य करावा आणि नियामकाने त्यांना तसं सांगावं. दत्तक प्रमाणपत्रासोबत दोन पानं वाढतील आणि ज्या प्राण्याचा भूतकाळ कुणालाच माहीत नाही, त्याचा विमा त्या भूतकाळावरून नाकारता येणार नाही.